बांधायचा राहिलेला बस्ता

लाल फळी बंद होणार ही बातमी शिमग्याच्या सोंगांबरोबरच गावोगाव फिरली, म्हणून सुरुवातीला ती कुणी खरी मानलीच नाही. शिमग्यात लोक काय वाटेल ते बोलतात. कळंबच्या दुकानातला माल गाडीत भरून कर्जतला गेला, तेव्हाही लोकांनी आपल्या मनाची समजूत घातली की भिंतींना चुना लावायचा असेल. नेरळची, खालापूरची, खोपोलीची दुकानं एकामागून एक बंद झाली तरी चुन्याची आशा सुटत नव्हती. माणसाला एखादी गोष्ट नको असली की तो किती भोळा होतो!

लाल फळी म्हणजे भिकूशेट वाण्याचं कापडदुकान. पाच गावांत त्याची पाच दुकानं, आणि पाची दुकानं बंद करताना खाचेत बसवायच्या दर्शनी फळ्यांना एकच लाल तेलरंग. पाटी कुठंही नव्हती. लाल फळीवर जाऊन येतो म्हटलं की ऐकणाऱ्याला कळायचं, हा माणूस कापड घ्यायला निघाला आहे. म्हाताऱ्या भिकूशेटला जाऊन बरेच पावसाळे झाले होते. आता गादीवर त्याचा नातू त्रिंबकशेट होता. त्याला मुंबईत गिरगावात शिवलेल्या कपड्यांचं दुकान टाकायचं होतं. काचेची कपाटं, विजेचे दिवे, असं सगळं. वीज भिवपुरीला तयार होत होती खरी, पण ती कर्जतच्या बाजाराला वळसा घालून सरळ मुंबईला जायची. त्रिंबकशेटनेही तीच वाट धरली होती.

मोतीबाई शेतात राबाची, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, तयारी करत होती. शेणाचे थर, त्यावर पाला, त्यावर माती. तिचा दीर भिवाजी बांधावर येऊन उभा राहिला.

"वैनी, लाल फळीचं खरंच हाय. अमावशेला कर्जतचं बी दुकान बंद. सदू स्वता बोलला."

सदू म्हणजे लाल फळीचा जुना गुमास्ता. तो थट्टा करणाऱ्यातला नव्हता.

मोतीबाईच्या हातातली शेणाची पाटी खाली आली. "आन् हिरूचा बस्ता?"

"बस्ता काय, गणूशेटकडं घ्यायचा. समोरच तर हाय त्याचं दुकान. तुज्या जावंला पाठीवतो, ती निवडंल समदं."

भिवाजी सहज बोलून गेला आणि निघूनही गेला. मोतीबाई मात्र पाटीशेजारी मट्‌कन बसली. तिला कापडाचं दुःख नव्हतं, कापड कुठंही मिळतं. तिला टोचला तो शेवटचा शब्द. ती निवडंल.

इथं थोडं मागं जायला हवं. मोतीबाईचा नवरा पोरी लहान असतानाच गेला. थोरली सुंदरा आणि धाकटी हिरू. त्या दोघींना तिनं एकटीनं वाढवलं, भात लावलं, झोडलं, विकलं. आणि सुंदराच्या लग्नाचा बस्ता घ्यायची वेळ आली तेव्हा रीतीप्रमाणे तिला दुकानाच्या खालच्या पायरीवर बसवलं. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी, नवरीच्या लुगड्यापासून मामाच्या पटक्यापर्यंत, आणि त्या शुभकार्याला विधवेचा हात लागायचा नाही. सवाष्णींनी आत बसून निवडायचं, आईनं बाहेर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायच्या. तेव्हा भिकूशेट जिवंत होता. त्यानं चष्म्यावरून पायरीकडं पाहिलं आणि विचारलं, "नवरी कुणाची?" कुणीतरी मोतीबाईकडं बोट दाखवलं. म्हातारा गादीवरून उठला, नवरीचं हिरवं लुगडं उचललं, खाली उतरून तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "जिनं वाढवली तिनं निवडावं. माझ्या दुकानात हाच कायदा."

झालं. भिवाजीचं तोंड एवढंसं झालं, पण शेटपुढं बोलायची कुणाची छाती होती? त्या दिवसापासून कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतल्या विधवा बायका लेकीचा बस्ता घ्यायला कर्जतच्या लाल फळीवरच यायच्या. सुंदरा आज सासरी सुखानं नांदत होती, तिला दोन मुलं होती, आणि मोतीबाईच्या हाताचा कसलाही विटाळ कुठंही लागला नव्हता.

भिवाजीनं बातमी सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी मोतीबाईनं मनाची खात्री करून घेतली. कर्जतला जाऊन ती गणूशेटच्या दुकानासमोर उभी राहिली आणि म्हणाली, लेकीचा बस्ता घ्यायचा हाय. गणूशेटनं तिच्या रिकाम्या कपाळाकडं पाहिलं. आवाज अगदी गोड ठेवून तो म्हणाला, "घ्या की. सवाष्णीला घेऊन या, तुम्ही पायरीवर बसा, आम्ही चहा देऊ."

"चा माज्या घरात हाय," मोतीबाई म्हणाली आणि परत फिरली. वाटेत तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. घरी पोचेपर्यंत रागच उरला.

अमावस्येच्या दिवशी दुपारी ती हिरूला घेऊन कर्जतला निघाली. बरोबर बस्ता बांधायची चादर होती. भिवाजीही मागून आला, कारण घरातला कर्ता पुरुष बस्त्याला नसेल तर लोक काय म्हणतील, ही त्याची नेहमीची चिंता होती.

बाजारात पोचल्यावर त्यांना दुकान दिसण्याआधी गर्दी दिसली. कर्जतच्या बाजारात एवढी माणसं गुढीपाडव्यालाही जमत नसत. कोणी हळहळत होतं, कोणी ओरबाडत होतं, आणि बरेचजण दोन्ही कामं एकदम करत होते. एक म्हातारा शेतकरी काखेत तीन मुंडाशी दाबून डोळे पुसत होता. "माज्या बाच्या लग्नाचं धोतर हितलं," असं तो भेटेल त्याला सांगत होता, आणि सांगता सांगता चौथ्या मुंडाशावर हात टाकत होता. एक शिंपी दुकानाच्या खांबाला धरून भिकूशेटच्या नावानं गळा काढत होता. एक बाई म्हणत होती की बरं झालं बंद होतंय, शेवटी शेवटी माल चांगला नव्हता, आणि तरीही ती जागची हलत नव्हती. डोंगरातल्या ठाकरवाडीची ठमी ओट्याच्या कडेला बसून सदूला झापत होती.

"मंग आमी जाडं लुगडं कुठनं आनायचं रं? त्या म्होरल्या दुकानात मला वट्यावं चढू देत नाय. खालनंच फेकतो कापड अंगावं."

सदू बिचारा गजानं पुढच्या गिऱ्हाइकाचं कापड मोजत राहिला.

मोतीबाई गर्दीतून वाट काढत ओट्यावर चढली. पदर खोचला, चादर झटकली आणि गादीसमोर पसरली.

"सदूभाव, बस्ता घ्याचा हाय."

सदूनं त्रिंबकशेटकडं पाहिलं. त्रिंबकशेट कोपऱ्यात खोक्यांचा हिशोब करत उभा होता. वयानं तिशीतला, केस नीट विंचरलेले, स्वभावानं वाईट नव्हता, फक्त त्याचं लक्ष केव्हाच मुंबईला जाऊन पोचलं होतं. तो म्हणाला, "घेऊ दे. जे उरलंय त्यातून लवकर निवडा म्हणावं. दिवेलागणीला फळ्या लावायच्या."

हीच त्याची चूक झाली. त्यानं चादर पसरू दिली.

कारण लाल फळीचा आणखी एक कायदा होता, आणि तो दोन्ही तालुक्यांत पोराटोरांना ठाऊक होता. चादरीला हळदकुंकू लागलं की बस्ता सुरू झाला. चादरीची गाठ मारली की तो पुरा झाला. मधल्या काळात कितीही उशीर होवो, दुकानाची शेवटची फळी लावायची नाही. शुभकार्य अर्धवट टाकून भिकूशेटनं कधी दार लावलं नव्हतं. हा कायदा त्रिंबकशेटलाही माहीत होता, फक्त त्याला त्याचा विसर पडला होता.

चादरीला हळदकुंकू लावायला सवाष्ण हवी. मोतीबाईनं इकडंतिकडं पाहिलं. भिवाजीची बायको आली नव्हती, की येऊ दिली नव्हती, देव जाणे. मग तिनं कडेला बसलेल्या ठमीला हाक मारली. "ये गं ठमे, लाव हळदकुंकू."

भिवाजीच्या कपाळावर आठ्या पडल्या. "ठाकरीन? वैनी, आपल्यात..."

"तिचा दादला जिता हाय. तुमाला सवाष्ण पायजे व्हती ना भावजी? ही बगा सवाष्ण."

ठमी हात पुसत उठली आणि चादरीच्या चारही टोकांना हळदकुंकू लावलं. शेवटच्या टोकाला जरा जास्तच लावलं, आणि ते लावताना तिनं भिवाजीकडं पाहिलं.

मग निवडायला सुरुवात झाली. नवऱ्याचं उपरणं हवं होतं, ते एकही उरलं नव्हतं. गर्दीतला तो चार मुंडाशांचा म्हातारा जरा घुटमळला, मग काखेतल्या मुंडाशांत दाबलेलं एक उपरणं काढून चादरीवर ठेवून म्हणाला, "मी म्हातारा काय मिरवनार हाय? घे, जावयाला दे." ते पाहून शिंप्याला चेव आला, त्यानं लाटलेला जरीचा खण परत दिला. माल चांगला नव्हता म्हणणाऱ्या बाईनं तीन पातळं आणून टाकली आणि वर सांगितलं की यातलं निळं घे, माल चांगला आहे. ज्या लोकांनी सकाळपासून दुकान लुटल्यासारखं रिकामं केलं होतं तेच आता एक एक नग परत आणत होते. मामाचा पटका झाला, आत्याचं लुगडं झालं, करवलीचा परकर झाला. हिरू एकेका कापडावरून हात फिरवत होती आणि आईकडं बघून हसत होती.

"आता नवरीचं हिरवं लुगडं दाखव, सदूभाव," मोतीबाई म्हणाली. इकडच्या घरांत नवरीचं हिरवं लुगडं आईकडचं असतं, आणि मोतीबाई आली होती ती त्या एका लुगड्यासाठीच.

सदूनं मान खाली घातली. "भारी लुगडी समदी खोक्यात बांधून सकाळी मालधक्क्याव गेली. मुंबैला."

मग मोतीबाई म्हणाली, "मंग खोका आनायला पायजे."

त्रिंबकशेट हसला. वाईट हसला नाही, कंटाळून हसला. "बाई, खोक्याला खिळे ठोकलेत. संध्याकाळच्या मालगाडीत चढायचाय तो. बाकीचं घेतलंत ना? नवरीचं तेवढं समोर गणूशेटकडून घ्या. आणि बस्ता बांधा आता."

"त्यो गणूशेट मला निवडू देत नाय."

"मग सवाष्णीनं निवडावं. सगळं जग तसंच करतं."

"जग करतं म्हनून तर आमी हितं येतो." मोतीबाईचा आवाज चढला नव्हता, पण ओट्याखाली उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेला. "तुज्या आज्यानं सुंदराचं लुगडं माज्या मांडीव ठेवलं व्हतं. जिनं वाढवली तिनं निवडावं, म्हनाला. हिरूला बी मीच वाढवलीय. नवरीचं लुगडं आल्याबिगर मी बस्ता बांधायची नाय."

"आणि नाही बांधलात तर?"

"तर नाय बांधला."

आता कुठं त्रिंबकशेटला आज्याचा कायदा आठवला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. "हे बघा, ते आजोबांच्या वेळचं. दुकानच राहत नाही, तर दुकानाचा कायदा कुठून राहणार? सदू, फळ्या लाव."

सदूनं गज भिंतीला टेकवून ठेवला आणि खाली बसला. "शेट, तुमी माजं मालक. पन बस्ता सुटा आसताना मी फळी लावली नाय कदी. आज बी लावायचो नाय."

"मग मीच लावतो!"

त्रिंबकशेटनं खरंच एक फळी उचलली. जड होती. ती घेऊन तो उंबऱ्याच्या खाचेपाशी आला, तर खाचेत ठमी फतकल मारून बसलेली. तो दुसऱ्या बाजूला गेला, तर तिथं शिंप्याची बायको. मधल्या जागेत मोतीबाईनं चादर पुढं ओढली होती, हळदकुंकवाची टोकं थेट उंबऱ्यावर. आता फळी लावायची तर लग्नाच्या कापडावर पाय द्यायला हवा. फळी हातात घेऊन त्रिंबकशेट तसाच उभा राहिला. त्याच्या मुंबईत असा प्रसंग आला नसता, आणि आला असता तर पोलीस बोलावता आले असते. इथं तो कुणाला बोलावणार? पोलिसाच्या बहिणीचा बस्तासुद्धा लाल फळीवरचाच होता.

"दे पाय, दे," ठमी म्हणाली. "बगूच."

लोक हसले. पण हसण्यात नुसती मजा नव्हती. कुणीतरी मागून ओरडलं, "आमच्या जिवाव पाच दुकानं झाली, आन् येक लुगडं परत आनवंना?" दुसरा म्हणाला, "खोका मी आनतो! खांद्याव!" मालधक्क्यावरचे दोन हमाल गर्दीतच होते, त्यांनी सांगून टाकलं की तो खोका आज मालगाडीच्या वाघिणीत चढत नाही, मग शेट सांगो नाहीतर स्टेशनमास्तर. सकाळपासून जी माणसं आपापलं बघत होती त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं की आपण सगळे मिळून कोणीतरी आहोत. गणूशेट समोरच्या ओट्यावरून मान लांब करून हे सगळं बघत होता, त्याचं एकही गिऱ्हाईक जागेवर नव्हतं.

त्रिंबकशेटनं फळी भिंतीला टेकवली आणि घाम पुसला. "ठीक आहे. आणा खोका. सगळ्यांसमोर शब्द देतो, बस्त्याची गाठ बसेपर्यंत शेवटची फळी लावणार नाही. झालं समाधान? मग मात्र गाठ मारा आणि मला मोकळं करा."

"झालं," मोतीबाई म्हणाली.

खोका आला. पाच-सहा जणांनी तो पालखी आणावी तसा आणला, वाटेत उगाचच दोनदा खांदा बदलला. हमालांनी खिळे उपटले. सदूनं एकेक हिरवं लुगडं काढून मोतीबाईपुढं उलगडलं. ती घाई करेना. काठ बोटांत धरून पाहिला, पदर उजेडाकडं केला, पोत गालाला लावून पाहिला. हे क्षण तिनं किती दिवस मनात घोळवले होते! शेवटी रुंद काठाचं, गर्द हिरवं एक लुगडं तिनं उचललं, हिरूच्या खांद्यावर टाकलं आणि मागं सरून बघत राहिली.

"ह्येच," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि या वेळी तिला त्याचा राग आला नाही.

हिरवं लुगडं घडी करून चादरीवर वरच्या बाजूला ठेवलं गेलं. आता गाठ मारायची. मोतीबाईनं चादरीची दोन टोकं हातात घेतली.

तेवढ्यात तिच्या मागून कुणीतरी हळूच विचारलं, "मोतीआत्ये, माज्या पोरीच्या टायमाला मी कुठं बसू गं?"

ती जना होती. खालापूरची, मोतीबाईच्या माहेरच्या नात्यातली. नवरा गेल्या आगोटीला, पावसाच्या तोंडावर, वारला होता, कडेवर दोन वर्षांची पोर होती. खालापूरचं दुकान बंद झाल्यावर कापडाचा एक तुकडा घ्यायला म्हणून ती बैलगाडीत कुणाबरोबर तरी कर्जतला आली होती आणि दुपारपासून खांबाआड उभी राहून सगळं पाहत होती. तिनं तक्रार केली नव्हती, नुसतं विचारलं होतं. कडेवरची पोर हिरव्या लुगड्याकडं हात करत होती.

मोतीबाईच्या हातातली टोकं तशीच राहिली. तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं. हिरूनंतर तिला लेक नव्हती. आता गाठ मारली असती, घरी गेली असती, तर कुणी तिला बोल लावला नसता. आणि गाठ मारताक्षणी शेवटची फळी बसली असती, भिकूशेटचा कायदा फळ्यांच्या आत राहिला असता, आणि ही पोर सोळा वर्षांची होईल तेव्हा जना समोरच्या पायरीवर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत बसली असती.

तिनं टोकं सोडून दिली.

"काय झालं?" त्रिंबकशेटनं विचारलं.

"काय नाय. बस्ता पुरा नाय झाला."

"आता काय राहिलं?"

"रुखवताचा खण ऱ्हायला."

सदू धडपडत उठला. "आनतो की, ह्यो बग..."

"हितला नको," मोतीबाई म्हणाली. "हिरे, धर येक टोक. ठमे, तू धर. जने, पोरीला भावजींच्याकडं दे आन् तू बी धर."

भिवाजीच्या हातात पोर आली तेव्हा त्याला कळलं की काय चाललं आहे. "वैनी! सुटा बस्ता दुकानाभाईर नेतात व्हय? अपशकून व्हईल! पोरीच्या लग्नाला काय इपरीत घडलं म्हंजे?"

हे मात्र मोतीबाईला लागलं. ती थांबली. आतापर्यंत तिनं शेटशी वाद घातला होता, तो सोपा होता. पोरीच्या नशिबाशी खेळायला कुठल्या आईचा हात उचलतो? तिनं हिरूकडं पाहिलं. हिरू सतरा वर्षांची होती, बोलायला लाजणारी, दुपारपासून तिच्या तोंडून दहा शब्द निघाले नव्हते.

"तू सांग," मोतीबाई म्हणाली. "तुजा बस्ता हाय. तू म्हनशील तर बांधते हितंच."

हिरूनं काकाकडं पाहिलं, जनाकडं पाहिलं. मग वाकून तिनं चादरीचं टोक उचललं आणि मनगटाभोवती गुंडाळलं.

"आयेचा हात लागलेलं लुगडं सुंदराक्काला लाभलं," ती म्हणाली. "मला बी लाभंल. चल."

चौघीजणी चादर चारी टोकांनी धरून ओट्यावरून उतरल्या. मधे रंगीत कापडांचा ढीग, वर गर्द हिरवं लुगडं. गर्दीनं वाट करून दिली. त्रिंबकशेट दारात उभा होता. शब्द दिलेला होता, फळी भिंतीला टेकलेली होती, आणि सदू त्या फळीला पाठ लावून बसला होता, शेटला चुकून मोह होऊ नये म्हणून.

चौघी घराच्या वाटेला लागल्या नाहीत. सरळ रस्ता ओलांडून गणूशेटच्या दुकानासमोर गेल्या. मागोमाग बाजार गेला. गणूशेटनं पायरीकडं हात केला, सवयीनं. मोतीबाई पायरी चढली, ओटा ओलांडून पांढऱ्याशुभ्र गादीवर जाऊन बसली. तिच्यामागून जना, मग हिरू, आणि ठमी तर अशी बसली की तिला उठवायला दोन माणसं लागली असती. चादर मधोमध अंथरली गेली.

"रुखवताचा खण दाखवा, शेट," मोतीबाई म्हणाली. "बस्ता लाल फळीवं सुरू झालाय, अजून सुटा हाय. निवडनार मी."

"सवाष्ण..." गणूशेटनं सुरुवात केली आणि समोर पाहिलं. ओट्याखाली अख्खा बाजार उभा होता. चार मुंडाशांचा म्हातारा, शिंपी, हमाल, कडेवर परकी पोर घेतलेला भिवाजी. कुणी शिवी देत नव्हतं, कुणी हातात दगड घेतला नव्हता. सगळे फक्त बघत होते की हा माणूस पुढचा शब्द कोणता बोलतो. हीच माणसं उद्यापासून त्याची गिऱ्हाइकं व्हायची होती, किंवा नव्हती व्हायची. कल्याणच्या बाजाराला जाणारी गाडी रोज होतीच.

मागं वळून गणूशेटनं स्वतः खणांचा गठ्ठा उतरवला आणि मोतीबाईपुढं उलगडला. तोंडानं मात्र तो एवढंच म्हणाला, "हा इरकली आहे. रंग जात नाही."

मोतीबाईनं खण पाहिले. दोन बाजूला काढले, एक परत केला. मग ते दोन्ही उचलून जनाच्या पुढ्यात धरले.

"कंचा?"

"मी?" जना मागं सरकली. तिचा हात पदरातच अडकला. वर्षभरात तिला कुणी कुठल्या शुभकार्यात काही विचारलं नव्हतं, हळदीकुंकवाच्या दिवशी तर शेजारणी तिच्या दारावरून पाय न वाजवता जायच्या.

"तूच. कंचा?"

जनानं बराच वेळ पाहिलं. मग जांभळ्या खणावर बोट टेकवलं.

मोतीबाईनं तो जांभळा खण हिरव्या लुगड्यावर ठेवला आणि चादरीची समोरासमोरची टोकं आवळून घेतली. पहिली गाठ मारली. दुसरी गाठ सैल पडू नये म्हणून मधे कुणीतरी बोट ठेवावं लागतं.

"जने, ठेव बोट."

जनानं बोट ठेवलं. मोतीबाईनं ओठ दातांखाली दाबून गाठ करकचून आवळली, जनाचं बोट हळूच काढून घेतलं, आणि मग रस्त्यापलीकडं पाहिलं. लाल दुकानाच्या दारात सदू अजून फळीला पाठ लावून बसलेला दिसत होता, त्याच्यामागं त्रिंबकशेट कंदील घेऊन उभा होता.

"भावजी," मोतीबाई म्हणाली, "सदूला हाळी द्या. म्हनावं, बस्ता बांधला. आता लाव फळी."